ओल्ड मंक, संत्री आणि काकवी : घरच्या रम-पंचचे परीक्षण

ओल्ड मंकची बाटली ज्या मराठी घरांत येते, त्यांपैकी बहुतेक घरांत ती दोनच प्रकारे संपते : उन्हाळ्यात थंड कोलाबरोबर आणि थंडीत गरम पाण्याबरोबर. मीही वीस वर्षे हेच करीत आलो. या हिवाळ्यात मात्र नागपुरी संत्र्यांची एक पेटी घरी आली आणि त्या निमित्ताने मी या रमचे फळांच्या रसाशी कितपत जमते हे नीट पाहायचे ठरवले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून जानेवारीच्या अखेरपर्यंत, शनिवारी संध्याकाळी एकेक पेला असे करीत, मी निरनिराळी प्रमाणे आणि निरनिराळी फळे वापरून पाहिली व प्रत्येक वेळचे माप वहीत लिहून ठेवले. त्या वहीच्या आधारे हे परीक्षण लिहीत आहे. निष्कर्ष आधीच सांगतो : ताजा रस, कागदी लिंबू आणि काकवी एवढे हाताशी असेल, तर या साध्या, सहज मिळणाऱ्या रमपासून घरी जे पेय तयार होते ते उत्तम असते, मात्र यांपैकी ताज्या रसाच्या बाबतीत तडजोड केली, तर बाकी सारे श्रम वाया जातात.

आधी रमविषयी. मोहन मीकिन या कंपनीने 1954 साली ओल्ड मंक बाजारात आणली. कंपनीचे मूळ मात्र त्याहून पुष्कळ जुने आहे. 1855 मध्ये एडवर्ड डायर याने कसौली येथे जी ब्रुअरी काढली तिच्यापर्यंत ते जाते. सात वर्षे मुरवलेली रम अशी तिची ओळख करून दिली जाते आणि तिच्यात मद्यार्काचे प्रमाण 42.8 टक्के असते. कोणतीही मोठी जाहिरात न करता ही रम अनेक दशके केवळ तोंडोतोंडी खपत राहिली, हे सर्वांना ठाऊक आहे. माझ्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो तिचा स्वाद. स्टीलच्या वाटीत दोन चमचे रम घेऊन, तिच्यात पाणी न घालता, ती पाच मिनिटे तशीच ठेवली की सुरुवातीचा मद्यार्काचा झोत ओसरतो आणि मग व्हॅनिला, करपवलेली साखर आणि थोडासा खजुरासारखा वास स्पष्ट येतो. जिभेवर ती आधी गोड लागते आणि शेवटी किंचित तुरट. ही रम उसाच्या मळीपासून होते हे लक्षात ठेवावे, कारण पुढे गोडव्यासाठी काय वापरायचे याचे उत्तर त्यातच दडलेले आहे. कोलामध्ये ती चांगली लागते याचे कारणही हेच आहे, कारण कोलातही व्हॅनिला आणि करपवलेल्या साखरेचेच सूर असतात. परंतु दोन सारखे सूर एकत्र आले की एक दुसऱ्याला झाकतो आणि शेवटी आपण रम न पिता मद्यार्क मिसळलेला कोला पितो. संत्र्याचा आणि लिंबाचा आंबटपणा तसे करीत नाही. तो या रमच्या समोर उभा राहतो, आणि तिच्यातला खजूर व व्हॅनिला पहिल्यांदाच सुटा जाणवतो.

फळ आणि रम यांच्या मिश्रणाला 'पंच' म्हणतात आणि या शब्दाचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. हा शब्द आपल्याकडच्या 'पाच'वरून आला असे बहुतेक कोशकार मानतात : मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला हे ते पाच घटक. सतराव्या शतकात सुरत आणि पश्चिम किनाऱ्यावरील वखारींतले इंग्रज हे पेय पीत असत, पण त्यांचे मद्य म्हणजे रम नव्हती. ते इथले अरक, म्हणजे इथेच गाळली जाणारी दारू, होते. शिवाजी महाराजांच्या काळात या भागात फिरलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याने तर गोव्यातल्या नेरूळचे अरक सर्वांत चांगले असते आणि त्यापासून इंग्रज लोक 'पाँच' करतात अशी नोंदच करून ठेवली आहे. पुढे जहाजांबरोबर हे पेय वेस्ट इंडीजमध्ये गेले, तिथे अरकाच्या जागी उसाची रम आली आणि बार्बाडोस व जमैका या बेटांवर ते इतके रुजले की तिथल्या लोकांनी त्याचे प्रमाण यमकात बांधले. त्या यमकाचा अर्थ असा : एक भाग आंबट, दोन भाग गोड, तीन भाग कडक, चार भाग सौम्य. वरून जायफळ किसून घालायचे. मी पहिला प्रयोग याच प्रमाणाने केला, कारण अनेक पिढ्या टिकलेल्या प्रमाणावर विश्वास ठेवणे मला योग्य वाटले.

पहिला प्रयोग फसला आणि त्यात दोष प्रमाणाचा नव्हता. 20 मिलिलिटर लिंबाचा रस, 40 मिलिलिटर साखरेचा पाक, 60 मिलिलिटर रम आणि 80 मिलिलिटर संत्र्याचा रस असे मी मोजून घेतले. परंतु संत्र्याचा रस पुठ्ठ्याच्या खोक्यातला होता. त्या खोक्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत जी यादी होती, तिच्यात पाणी, साखर, संत्र्याचा आटवलेला रस, आम्लता नियंत्रक आयएनएस 330 आणि स्वाद असा क्रम होता. आयएनएस 330 म्हणजे सायट्रिक आम्ल. म्हणजे त्या रसात साखरही आधीच होती आणि आंबटही आधीच होते, आणि मी त्यावर पुन्हा पाक व लिंबू ओतले होते. जे तयार झाले ते खोकल्याच्या औषधासारखे लागत होते : दाट गोड, आणि गोडव्याखाली एक धातूसारखी चव. आटवलेल्या रसात पुन्हा पाणी घालून केलेल्या पेयांवर 'शंभर टक्के फळांचा रस' असे छापू नये, असा आदेश भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने जून 2024 मध्ये काढला. तो आदेश का काढावा लागला, हे त्या पेल्याच्या पहिल्या घोटात मला कळले. 'पिन्या कोलाडा' (रम, अननस आणि नारळ यांचे पेय) असे नाव असलेल्या एका तयार मिश्रणाच्या बाटलीचीही हीच गत झाली. तिच्यात अननसही नव्हता आणि नारळही नव्हता, केवळ दोघांचे स्वाद होते. अशी बाटली विकत घेण्यापूर्वी तिची मागची बाजू वाचावी, एवढे मी आग्रहाने सांगेन.

दुसऱ्या शनिवारी पेटीतली संत्री सोलली. नागपुरी संत्र्याचे साल सैल असते. साल आणि गर यांच्यामध्ये हवा असते, आणि खाण्यासाठी हाच त्याचा मोठा गुण आहे. रस काढताना मात्र तोच गुण आड येतो. मोसंबीप्रमाणे ते आडवे कापून पिळणीवर दाबले, तर गर सालातून सुटून गोल फिरत राहतो आणि निम्मा रस आतच राहतो. मिक्सरमध्ये फिरवण्याचा मोह होतो, पण त्यात बिया फुटतात आणि पंधरा मिनिटांत रस कडू होतो. मला जे जमले ते असे : फोडी सुट्या करून, प्रत्येक फोडीची पांढरी शीर नखाने ओढून काढावी, बिया जाणवतील तिथे फोडीला छोटी चीर देऊन त्या बाहेर ढकलाव्यात, आणि मग सगळ्या फोडी पुरणाच्या चाळणीत घेऊन वाटीच्या तळाने दाबाव्यात. चाळणीच्या खालून जो रस गळतो, तो खोक्यातल्या रसासारखा एकसारखा केशरी नसतो. त्यात फिक्या पिवळ्या आणि गडद नारिंगी अशा दोन छटा दिसतात आणि गराचे बारीक कण तरंगत असतात. एका मध्यम संत्र्यापासून साधारण 50 मिलिलिटर रस मिळतो. आंबिया बहाराची (उन्हाळ्यापूर्वी फुलोरा येणाऱ्या हंगामाची) ही संत्री डिसेंबरमध्ये आंबटगोड असतात आणि जानेवारी संपत येईल तसा त्यांतला आंबटपणा उतरतो, म्हणून लिंबाचे माप दर आठवड्याला चाखून ठरवावे लागते.

एक गोष्ट फेकू नये, ती म्हणजे संत्र्याचे साल. सालाचा रुपयाएवढा तुकडा पेल्यावर धरून, नारिंगी बाजू खाली ठेवून, बोटांनी दुमडला की तेलाचे बारीक तुषार पेयावर उडतात. दिव्याच्या उजेडात ते डोळ्यांना दिसतात. या तेलाचा वास रमच्या व्हॅनिलाला असा भेटतो की पहिला घोट घेण्यापूर्वीच अर्धे समाधान होते.

लिंबाविषयी अनेकांचा गैरसमज आहे. परदेशी पाककृतींत जे हिरवे लिंबू सांगितलेले असते, ते आणण्यासाठी लोक मोठ्या दुकानांत जाऊन बिनबियांची, जाड सालीची, महागडी लिंबे घेतात. कॅरिबियन बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या जे छोटे, पातळ सालीचे, भरपूर बियांचे लिंबू पंचमध्ये पिळले जाते, ते आणि आपले कागदी लिंबू एकाच जातीचे आहे. मंडईत वाट्यावर मिळणारे, किंचित पिवळट पडलेले कागदी लिंबू घ्यावे, ते तळहाताखाली ओट्यावर घोळावे आणि त्याच वेळी पिळावे. सकाळी काढून ठेवलेला रस संध्याकाळपर्यंत बोथट होतो. लिंबू पिळणीत फार जोराने दाबू नये, नाहीतर सालाचा कडवटपणा उतरतो. अशा वेळी पाचसहा थेंब अधिक मिळाले तरी त्यांचा उपयोग नसतो.

आता गोडव्याकडे येतो, कारण या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत मोठा आनंद तिथे मिळाला. आधी साखरेचा साधा पाक वापरला : सम प्रमाणात साखर आणि पाणी. त्याने पेय गोड झाले, पण त्यापलीकडे काही घडले नाही. साखरेला स्वतःचा स्वाद नसतो आणि रम एकटी पडल्यासारखी वाटते. नंतर गूळ किसून कोमट पाण्यात विरघळवला. स्वाद सुधारला, पण गुळात जो किंचित खारटपणा असतो तो लिंबाजवळ उठून दिसला, शिवाय तळाशी बारीक गाळ बसला. तिसऱ्या वेळी काकवी घेतली. माझे साडू दरवर्षी कोल्हापूरकडून येताना गुऱ्हाळावरची काकवी आणतात; आम्ही ती पोळीशी आणि थालीपीठाशी खातो, ती पेयात घालण्याचे कुणाच्याच मनात आले नव्हते. विचार केला तर हे किती सरळ आहे! उसाचा रस आटवताना, तो गूळ होण्याआधी जी अवस्था येते ती काकवी. आणि साखर काढून घेतल्यावर जी उरते ती मळी, जिच्यापासून ही रम होते. दोन्हीही एकाच उसाची लेकरे आहेत. पेल्यात ती एकत्र आली की कुठे काकवी संपते आणि कुठे रम सुरू होते ते सांगता येत नाही, आणि रम जणू आणखी काही वर्षे मुरल्यासारखी लागते. काकवी थंड पेयात सरळ ओतली, तर तळाशी घट्ट दोरीसारखी बसून राहते, म्हणून दोन भाग काकवीत एक भाग कडकडीत पाणी घालून आधी ढवळून घ्यावी आणि थंड होऊ द्यावी. असा पाक बाटलीत भरून फ्रिजमध्ये आठवडाभर चांगला राहतो.

काकवी वापरल्यावर यमकातले 'दोन भाग गोड' मला जास्त वाटू लागले. बेटांवरच्या उकाड्यात, भरपूर बर्फ वितळत असताना, ते योग्य असेल. पुण्याच्या डिसेंबरमध्ये मी गोड आणि आंबट सम प्रमाणात आणले आणि तिथे पेय स्थिर झाले.

सौम्य भागात केवळ संत्र्याऐवजी निम्मा अननस घेतला की पेयाला अंग येते. ताज्या अननसाचा रस बर्फाबरोबर जोरात हलवला, तर त्याच्यावर पांढरा, बारीक, टिकाऊ फेस येतो, जसा ताकावर येतो तसा. डब्यातल्या अननसाने हा फेस जवळजवळ येत नाही. इथेच एक सावधगिरीची सूचना आहे. पिन्या कोलाडा घरी करताना पुष्कळ जण नारळाच्या दुधाऐवजी गाईम्हशीच्या दुधाची साय किंवा क्रीम घालतात. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचे प्रथिनांचे विघटन करणारे विकर असते. ते दुधातल्या प्रथिनांवर काम करते आणि काही वेळातच मिश्रण कडू लागते, कधी फाटते. पोर्तो रिकोमध्ये, जिथल्या कॅरिब हिल्टन हॉटेलात 1954 साली हे पेय जन्मले असे सांगतात आणि जिथे 1978 पासून ते अधिकृत राष्ट्रीय पेय आहे, तिथे नारळच वापरतात. आपल्याकडे तर ओल्या नारळाचे पहिले जाड दूध कोणत्याही कोकणी स्वयंपाकघरात दहा मिनिटांत निघते. मी ते एकदा करून पाहिले. ओल्ड मंकबरोबर नारळाचे दूध चांगले लागते, पण पेयाचा रंग मातकट होतो, आणि पिन्या कोलाडाचा जो स्वच्छ पांढरा दिमाख आहे तो हवा असेल तर पांढरी रमच घ्यावी.

साधनांपैकी शेकर, म्हणजे पेय बर्फाबरोबर हलवण्याचे स्टीलचे तीन भागांचे झाकणाचे भांडे, मी ऑनलाइन मागवला. दिसायला तो सुरेख होता, परंतु दुसऱ्याच वापरात त्याचे झाकण इतके घट्ट बसले की ते उघडण्यासाठी कोमट पाण्याखाली धरावे लागले, आणि तोपर्यंत आतला बर्फ वितळून पेय पांचट झाले. थंडीने आतली हवा आकसते आणि पातळ पत्रा एकमेकांत रुतून बसतो, म्हणून असे होते. त्यानंतर मी रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची काचेची बरणी वापरू लागलो आणि आजही तीच वापरतो. लोणच्याची बरणी मात्र घेऊ नये. कितीही घासली तरी हिंगाचा आणि मोहरीचा वास झाकणाच्या आतल्या थरात राहतो. बर्फाच्या बाबतीतही हाच दंडक आहे. फ्रीझरमध्ये उघड्या ट्रेमध्ये आठवडाभर पडलेला बर्फ शेजारच्या सगळ्या वस्तूंचे वास घेतो आणि आमच्याकडे तो वास बोंबिलांचा होता. शनिवारी सकाळी नवे पाणी भरून, ट्रेवर झाकण ठेवून बर्फ लावला की हा प्रश्न मिटतो. बरणी निम्मी बर्फाने भरून, दोन्ही हातांनी धरून, बारा-पंधरा सेकंद जोरात हलवावी. काच इतकी गार होते की बोटे दुखू लागतात, तेव्हा थांबावे. या हलवण्यात पेयात साधारण चौथा हिस्सा पाणी मिसळते आणि ते मिसळणे आवश्यक आहे. त्याशिवाय रमचा कडकपणा उतरत नाही.

जायफळाशिवाय हा पंच पुरा होत नाही. श्रीखंडासाठी आणि पुरणासाठी आपण ते सहाणेवर उगाळतो, पण उगाळलेल्या जायफळाचा लगदा होतो आणि तो पेयात बुडतो. इथे ते बारीक किसणीवर, पेल्याच्या अगदी वर, चारपाच वेळा घासावे. अननसाच्या पांढऱ्या फेसावर तपकिरी कीस पडतो आणि तो फेसावरच राहतो, म्हणून प्रत्येक घोटाबरोबर नाकाला आधी जायफळ भेटते. कोकणातल्या नारळी-पोफळीच्या बागांत जे जायफळ होते ते मी वापरले. बार्बाडोसमध्ये याबरोबर अँगोस्टुरा बिटर्सचे दोन थेंबही घालतात. त्रिनिदादमध्ये तयार होणारा हा कडू अर्क मोठ्या शहरांतल्या निवडक दुकानांत मिळतो, पण ओल्ड मंकच्या शेवटच्या तुरटपणामुळे मला त्याची उणीव भासली नाही.

तर माझ्या वहीतले शेवटचे, ज्यावर मी थांबलो ते माप असे : ओल्ड मंक 60 मिलिलिटर, संत्र्याचा रस 40, अननसाचा रस 40, कागदी लिंबाचा रस 20, काकवीचा पाक 20. बर्फाबरोबर हलवून, गाळून, मोठा बर्फ घातलेल्या पेल्यात ओतावे, सालाचे तेल उडवावे, जायफळ किसावे. गणित केले, तर बर्फाचे पाणी मिसळल्यानंतर या पेल्यात सुमारे साडेअकरा टक्के मद्यार्क उरतो, म्हणजे साधारण वाइनइतका, आणि पेला मात्र सव्वादोनशे मिलिलिटरचा असतो. हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण फळांचा गोडवा मद्याला पूर्ण झाकतो आणि सरबत प्यावे तसा हा पेला दहा मिनिटांत संपतो. त्यात मोठा पेग संपूर्ण आहे, म्हणजे सुमारे 20 ग्रॅम शुद्ध मद्यार्क. एका संध्याकाळी एक पेला हा मी घालून घेतलेला नियम आहे. पाहुण्यांना गाडी चालवत जायचे असेल, तर त्यांच्यासाठी रम वगळून हेच मिश्रण करतो आणि ते रमविनाही फार चांगले लागते. महाराष्ट्रात रमसारख्या मद्यासाठी वयाची मर्यादा 25 वर्षे आहे आणि परवानाही लागतो, हेही ध्यानात ठेवावे. गोव्याहून येताना स्वस्त म्हणून बाटल्या आणण्याच्या फंदात परवान्याशिवाय पडू नये.

संत्री संपत आल्यावर मी कोकम वापरून पाहिले आणि तिथे माझी चूक झाली. घरात आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, होते, तेच 20 मिलिलिटर मोजून लिंबाच्या जागी घातले. आगळात मीठ असते हे मला ठाऊक होते, परंतु ते किती असते याचा अंदाज नव्हता. पेय सोलकढीच्या आणि औषधाच्या मधले काहीतरी झाले आणि ओतून द्यावे लागले. पुढच्या वेळी बिनमिठाची आमसुले अर्धा तास गरम पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून घेतली. रंग तर असा आला की पेला खिडकीत धरून पाहत राहावे : काळसर माणकासारखा. चवीला कोकमाचा आंबटपणा लिंबापेक्षा गोल आणि खोल असतो आणि रमच्या खजुरासारख्या स्वादाशी तो लिंबाइतकाच, कदाचित अधिक जुळतो. त्याच्याबरोबर अननस नको. केवळ कोकम, काकवी, रम आणि थंड पाणी, आणि जायफळाऐवजी चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड. उन्हाळ्यात मी हेच करणार आहे. हापूसचा रस मात्र या रमबरोबर मला पटला नाही. हापूसचा स्वाद स्वतःच इतका भरघोस असतो की रम त्याच्यात नुसती भर घालते, आणि दोघांनाही त्याचा तोटा होतो.

या रमने काय होत नाही हेही सांगायला हवे. रम, लिंबू आणि साखर एवढ्या तीनच गोष्टींची डायकिरी, जी क्यूबातल्या सांतियागोजवळच्या डायकिरी या गावाच्या नावाने ओळखली जाते, तिला हलकी पांढरी रम लागते. बकार्डी या क्यूबात 1862 साली सुरू झालेल्या घराण्याने कोळशातून गाळलेली अशी रम जगभर नेली आणि ती आपल्याकडेही मिळते. मी दोन्ही रमच्या डायकिरी शेजारीशेजारी ठेवून प्यायलो. पांढऱ्या रमची डायकिरी सकाळच्या हवेसारखी हलकी होती. ओल्ड मंकची जड होती आणि तिच्यातला व्हॅनिला लिंबाच्या अंगावर येत होता. पुदिन्याच्या मोहितोबाबतही हेच म्हणेन. काळी रम म्हणजे दुय्यम आणि पांढरी म्हणजे कॉकटेलची, असा समज मात्र मनातून काढून टाकावा. जिथे संत्रे, अननस, काकवी, जायफळ असे चार भक्कम सोबती आहेत, तिथे पांढरी रम हरवून जाते आणि ओल्ड मंक टिकून राहते. हा फरक मी सलग दोन शनिवारी ताडून पाहिला आहे.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी साडू आणि मंडळी जेवायला आली, तेव्हा मी सहा जणांसाठी मोठ्या भांड्यात पंच केला. साडूंनी आजवर ओल्ड मंक कोलाशिवाय प्यायलेली नाही आणि त्यांनी येताना कोलाची बाटलीही आणली होती. पहिला घोट घेऊन त्यांनी पेला खाली ठेवला, पुन्हा उचलून वास घेतला आणि विचारले, "ही आपलीच काकवी ना?" कोलाची बाटली त्या रात्री मुलांनी संपवली.

सहा जणांसाठी करताना प्रत्येकाचा पेला वेगळा हलवत बसू नये. 360 मिलिलिटर रम, म्हणजे मोठ्या बाटलीच्या निम्म्याहून थोडी कमी, पाच संत्री, अर्धा अननस, आठदहा लिंबे आणि काकवीचा 120 मिलिलिटर पाक एकत्र करून, हलवण्यातून जे पाणी मिळाले असते त्याच्या बदल्यात 270 मिलिलिटर थंड पाणी घालावे आणि भांडे दोन तास फ्रिजमध्ये ठेवावे. यात फेस येत नाही, तो हवा असेल तर वाढण्यापूर्वी रवीने क्षणभर घुसळावे. आमच्याकडे ताकाच्या रवीने तो उत्तम आला. बर्फ भांड्यात न घालता पेल्यांत घालावा. उरलेला पंच गाळून, बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवला तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आणखी एकजीव झालेला असतो आणि काकवी अधिक पुढे येते. तिसऱ्या दिवशी मात्र लिंबू उतरते व संत्र्याला कडवटपणा येतो, म्हणून दोन दिवसांत संपेल तेवढाच करावा.